चिलेंजेला निघालेली ताटली

“टॅक्सी बोलावू का मामा? फोनवरून येते, अगदी दारात,” कासोन्डेने विचारलं, आणि कंपाम्बा मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने फोन मुकाट्याने खिशात ठेवला.

“माझा जन्म कुठे झाला?” मामांनी विचारलं.

“लुसाकात.”

“मग लुसाकात मला कोण नेऊन सोडणार? कालपरवा कॉपरबेल्टच्या खाणींकडून आलेला तो पोरगा? तो मलाच विचारील, म्हातारबुवा, चिलेंजे कुठं आलं.”

लुसाकाच्या मटेरो भागातल्या बाजारात मामांचं शिवणयंत्र होतं. पण नुसत्या शिलाईवर माणूस इतका फुगत नाही. मामा मध्यस्थ होते. मुलाकडून मुलीच्या घरी मागणी घेऊन जाणारा माणूस म्हणून निम्म्या मटेरोत त्यांचं नाव होतं. उरलेल्या निम्म्यांची लग्नं आपण जुळवली नाहीत म्हणूनच मोडली, असं ते स्वतः सांगत आणि ऐकणारे हसत, पण मुलगा लग्नाचा झाला की चालत यायचे ते मामांकडेच. आणि आज तर काम घरचं होतं. कासोन्डे त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

चिलेंजेच्या हामूंगांची मुलगी लुयांडो त्याच्या मनात भरली होती. ती नर्स, हा वीज मंडळात. दोघांचं जमलं होतं, पण दोघांचं जमून काय होतं? बाप तोंगा जमातीचा, दक्षिणेकडचा, गुरंढोरं आणि शब्द या दोनच गोष्टी मोजणारा. त्याने एका नातेवाइकाकरवी निरोप धाडला होता. शनिवारी सूर्य बुडायच्या आत मागणीची ताटली दारात आली तर तो बोलेल. नाही आली तर रविवारी पहाटे तो चोमाला, आपल्या शेतावर जाणार, पेरण्या सुरू होणार, आणि मुलगीही बरोबर जाणार. तिथे शेजारच्या शेतमालकाचा मुलगा बरेच दिवस वाट बघून होता. त्याचे गोठे भरलेले होते. कासोन्डेकडे होती ती एक मोटरसायकल, आणि तीही कधी चालू व्हायची, कधी नाही.

“काळजी करू नकोस,” मामा म्हणाले. “ताटली मी नेतोय. तू संध्याकाळसाठी कोंबडी कापून ठेव.”

ताटली म्हणजे दोन पांढऱ्या ताटल्या, एकीवर दुसरी उपडी घातलेली, मध्ये पांढरे मणी आणि थोड्या नोटा, आणि वरून पांढऱ्या फडक्याची गाठ. ही ताटली दोन्ही हातांनी धरायची. मुलीच्या घरात गुडघ्यांवर रांगत शिरायचं, मान खाली. नाव कुणाचंच घ्यायचं नाही, मुलाचं नाही, मुलीचं तर नाहीच. आणि वाटेत, हातात ताटली असताना, मुलीच्या घराचा पत्ता कुणाला विचारायचा नाही. विचारला की आधी गल्लीला कळतं आणि मग बापाला. असल्या मागण्या फाटकातूनच परत गेलेल्या मामांनी पाहिल्या होत्या.

त्या शनिवारी दुपारी जेवून, डोक्यावर करडी हॅट चढवून, मामा निघाले. ऑक्टोबरचा महिना. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. मटेरोच्या थांब्यावर मिनीबसचा पोऱ्या “टाऊन, टाऊन, एकच जागा!” ओरडत होता. मामा आत वाकले तर चार जागा मोकळ्या. मामा चढले. लुसाकात एकच जागा म्हणजे चार जागा, हे शिकायला त्यांना कुणी लागत नव्हतं.

पांढरं फडकं पाहताच बस गप्प झाली. एका बाईने मांडीवरची टोमॅटोची पाटी उचलून मामांना खिडकीची जागा दिली. ताटली घेऊन चाललेल्या माणसाला कुणी धक्का देत नाही. पण थट्टा मात्र सगळे करतात.

“कुणाच्या घरी हो, आजोबा?” टोमॅटोवालीने विचारलं.

“तुझ्याच. नवऱ्याला सांगून ठेव.”

“न्या हो न्या! त्यालाही घेऊन जा सोबत, दोन वेळचं जेवतो फुकट!”

सगळी बस हसली. मामा सर्वांत जास्त हसले. त्यांना आपलं शहर असं आवडायचं, गुडघ्याला गुडघा लागलेलं, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारं. गाडीतून काच वर करून फिरणाऱ्यांना लुसाका ठाऊकच नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. ते मत ते मागितलं नसताही देत.

पूल आला तशी गाड्यांची रांग दिसली, आणि मामा सगळ्यांच्या आधी उतरले. बसस्थानकापर्यंत बसून राहतात ते पाहुणे. ते बाजाराच्या मागच्या अंगाने शिरले. जुन्या कपड्यांचे गठ्ठे नुकतेच फोडले होते, वरून परदेशी कोट लोंबत होते, त्यांच्याखाली सावली होती आणि सावलीतूनच वाट होती. कैरो रोडच्या फुटपाथवर ऊन खात चालतात ते बँकेत जाणारे. मामांनी ओळखीच्या बाईकडे उभ्याउभ्या गार मुंकोयो प्यायला, मुळ्या उकळून आंबवलेला तो गोडसर घोट पोटात गेला आणि त्यांना पुन्हा विशीत आल्यासारखं वाटलं. कुलिमा टॉवरपाशी चिलेंजेची बस भरतच होती.

“बाजाराच्या पुढच्या थांब्यावर उतरा,” कासोन्डेने सांगितलं होतं. “हिरव्या टपरीशी डावीकडे वळा. अंगणात आंबा आणि काळं फाटक. तेच घर.”

यापेक्षा नेमका पत्ता लुसाकात कुणी कुणाला दिलेला नाही. इथे रस्त्यांना नावं आहेत, पण ती पाट्यांपुरती. माणसं जातात ती टपरी, झाड आणि फाटक बघून. आता यात कासोन्डेची चूक म्हणावी तर ती एवढीच, की तो दहा-बारा दिवसांत लुयांडोच्या गल्लीत फिरकला नव्हता. बापाच्या धाकाने. आणि त्याच दहा-बारा दिवसांत एका फोन कंपनीची रंगारी मंडळी शिड्या-डबे घेऊन चिलेंजेत उतरली होती आणि दिसेल ती रिचार्जची टपरी हिरवीगार करत चालली होती.

मामा उतरले. समोर हिरवी टपरी. डावीकडे वळले. आंबा, काळं फाटक. फाटक अर्धं उघडं, अंगण झाडून पाणी शिंपडलेलं, व्हरांड्यात चटया अंथरलेल्या, आणि चटयांवर ठेवणीतले कपडे घातलेल्या बायका बसलेल्या. मधोमध एक म्हातारी, काठीवर दोन्ही हात टेकून.

“आलात एकदाचे!” म्हातारी म्हणाली. “कधीची वाट बघतोय.”

मामांची छाती फुगली. मुलीकडचे वाट बघत होते, म्हणजे अर्धं काम झालं. त्यांनी हॅट काढून काखेत घातली, गुडघे टेकले, मान घातली खाली आणि रांगत व्हरांड्यात शिरले. ताटली पुढे सरकवली आणि गप्प बसले. तोंड उघडायला सांगेपर्यंत उघडायचं नसतं.

“बोला,” म्हातारी म्हणाली.

“आमची एक कोंबडी हरवली आहे,” मामा जमिनीकडे बघत म्हणाले. “ती तुमच्या अंगणात शिरली, असं कळलं.”

“आमच्या अंगणात कोंबड्या पुष्कळ. तुमची कसली?”

“शिकलेली.”

बायका हसल्या. मामांना बरं वाटलं. हा विनोद त्यांचा हुकमी होता.

“काळी की गोरी? जाडी की बारीक?”

“जिच्यामुळे आमच्या घरचा एक जण जेवत नाही, ती.”

पुन्हा हसणं. मग फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज आला, वरची ताटली उचलली गेली, मणी वाजले. म्हातारीने कुणाला तरी हाक मारली. अनवाणी पावलं मामांच्या नजरेसमोर येऊन थांबली. नखांना लाल रंग. मामांना तेवढंच दिसत होतं आणि तेवढंच दिसायला हवं होतं.

“पोरी, ही ताटली ओळखतेस? घ्यायची का आम्ही?”

“घ्या,” एक लाजरा आवाज आला.

बायकांनी जिभा वळवून असा गजर केला की आंब्यावरचे कावळे उडाले. मामांना तर उठून नाचावंसं वाटलं.

“आता मान वर करा,” म्हातारी म्हणाली, “आणि सांगा, मुलगा कुणाचा?”

“माझ्या बहिणीचा. कासोन्डे. आम्ही कसामाकडचे, बेम्बा.”

गजर मध्येच तुटला. मामांनी मान वर केली. समोर उंच, काळीभोर, मोठ्या डोळ्यांची एक मुलगी उभी होती. कासोन्डेने फोनवर लुयांडोचा फोटो निदान शंभरदा दाखवला होता. ही लुयांडो नव्हती.

“कोण कासोन्डे?” मुलगी किंचाळली. “आजी! मी याला ओळखत नाही! हे आपले लोकच नाहीत!”

मामांचे डोळे पांढरे झाले. म्हातारी मात्र काठीवर पुढे वाकली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की मामांना ते पाहून जास्तच धडकी भरली.

“बेम्बा?” ती म्हणाली. “कसामाचा? माकडखाऊ! आणि न्झीमांच्या घरात रांगत आलास? न्गोनीच्या घरात!”

झालं. न्गोनी आणि बेम्बा. या दोन जमातींच्या पूर्वजांनी भाल्यांनी एकमेकांना भोसकलं, मग थकले आणि लढाई सोडून थट्टेचं नातं धरलं. दिराने भावजयीची करावी तशी थट्टा, पण तिला ना वयाची मर्यादा ना वेळेची. मेलेल्याच्या अंगणातही न्गोनी बेम्बाला शिव्या घालू शकतो, आणि बेम्बाने रागवायचं नाही, उलटून घालायच्या.

“उंदीरखाऊंच्या घरात आलो, हे वासावरून कळायला हवं होतं,” मामा म्हणाले. सवयीनेच जीभ चालली.

“ऐका! ऐका माकडाचं!” न्झीमा आजी मांडीवर हात मारून म्हणाली. “पोरी, ताटली ठेव. आपला मध्यस्थ येवो न येवो, माकडाने आणलेलं आपलं. तू हो म्हणालीस. झालं लग्न.”

“आजी!” मुलगी रडकुंडीला आली. तिचं नाव थोको. तिची मागणी आजच यायची होती, आणि तिचा मध्यस्थ अजून कुठे तरी रांगत असणार.

“मोठ्या आई,” मामा म्हणाले, “ताटली परत द्या. मी चुकून आलो.”

“चुकून? तू म्हणे लुसाकाचा?”

“जन्माने.”

“जन्माने! अरे, माकडालाही आपलं झाड सापडतं.”

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मामाही हसले, एकदा, दोनदा. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. ऊन भिंतीच्या वरच्या कडेला पोचलं होतं. उघडलेली ताटली पुढे. बांधलेली गाठ सुटलेली. आणि पलीकडे कुठल्या तरी गल्लीत हामूंगा घड्याळाकडे बघत बसलेला. मटेरोत कासोन्डेने एव्हाना कोंबडी कापली असेल. त्या पोराने मामांवर विश्वास टाकला होता, आणि मामांनी त्याचा संसार दुसऱ्याच कुणाच्या चटईवर नेऊन ठेवला होता.

“मोठ्या आई,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदललेला सगळ्यांना कळला. “थट्टा मी उद्या येऊन ऐकतो. दिवसभर ऐकतो. पण सूर्य बुडाला तर माझ्या भाच्याने मागितलेली मुलगी चोमाला जाते आणि परत येत नाही. मला हामूंगांचं घर हवंय.”

पत्ता विचारला. ताटली पोचायच्या आधी, मुलीच्या बापाचं नाव घेऊन, भर व्हरांड्यात. एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना हलकं वाटलं.

म्हातारीचं हसू थांबलं. तिने मणी ताटलीत नीट गोळा केले, नोटा घडी करून ठेवल्या, वरची ताटली उपडी घातली आणि आपल्या हाताने गाठ मारली.

“तो तोंगा?” ती उठत म्हणाली. “पुढच्या वळणावर. चल.”

“सांगा नुसतं, मी जातो.”

“तू जातोस? तू पार दूर लिव्हिंगस्टनला पोचशील. आणि दंड राहिला.” तिने मामांच्या काखेतली हॅट ओढून घेतली आणि आपल्या डोक्यावर, रुमालावर, चढवली. “माकडाची टोपी. आता माझी.”

चिलेंजेच्या गल्लीतून हॅट घातलेली म्हातारी काठी टेकत पुढे, आणि तिच्या मागे पांढरी ताटली दोन्ही हातांनी धरलेले, बोडक्या डोक्याचे कंपाम्बा मामा. मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका उठून बघायला लागल्या. “न्झीमा आजी, कुणाला पकडून आणलंत?” “बेम्बा आहे ग, हरवला होता!” पुढच्या वळणावर पुन्हा एक हिरवी टपरी, तिचा रंग जुना, पोपडे धरलेला. डावीकडे आंबा. काळं फाटक. मामांनी मनातल्या मनात त्या फोन कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

फाटकात पिकअप उभी होती, मागे खताची पोती आणि एक निळी बॅग चढवलेली. हामूंगा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. उंच, हाडकुळे, पाठ ताठ. ऊन छपराच्या टोकावर होतं, पण होतं.

मामा फाटकातच गुडघ्यांवर आले आणि रांगत निघाले. अंगण खडीचं होतं. ताटली पुढे ठेवून ते गप्प बसले.

हामूंगांनी ताटलीकडे पाहिलं, मग मामांकडे, मग फाटकाशी उभ्या, पुरुषाची हॅट घातलेल्या म्हातारीकडे.

“ही गाठ न्गोनी बायका मारतात तशी आहे,” ते म्हणाले. “माझ्या घरी येण्याआधी ताटली उघडली कुणी?”

मामांनी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. वाटेत पडलो, बसमध्ये धक्का लागला, गाठ सैल झाली. मध्यस्थाची जीभ असल्या कामासाठीच असते. पण मामांना कासोन्डेचा चेहरा दिसला, आणि खोटं निघालंच नाही.

“माझ्यामुळे उघडली. मी चुकीच्या घरात शिरलो. त्यांच्याकडेही मागणी यायची होती. रीत अशी की नाव घ्यायचं नाही. त्यांनी घेतलं नाही, मी घेतलं नाही. त्यांची मुलगी हो म्हणाली.”

हामूंगा खुर्चीत पुढे सरकले.

“म्हणजे दुसऱ्या मुलीने हो म्हटलेली ताटली माझ्या मुलीपुढे आणलीत.”

“हो.”

“परत न्या.”

“अहो हामूंगा,” फाटकातून न्झीमा आजी कडाडली, “या माकडाला—”

“माझं-तुमचं थट्टेचं नातं नाही, आजी.”

“मग थट्टा करत नाही,” ती म्हणाली. तिने हॅट काढली. “माझी नात मणी बघून हो म्हणाली. तिला वाटलं, तिच्याच माणसाने पाठवले. एवढीच चूक. हा माणूस ताटली तिथंच टाकून पळू शकला असता, लाजेने. माझ्यासारख्या म्हातारीची बोलणी खात इथवर आला. तुमच्या मुलीला विचारल्याशिवाय ताटली परत पाठवायची, ही कुठली रीत? तोंगांची?”

हामूंगांनी आतल्या दाराकडे पाहिलं. रीतीचं नाव निघालं की त्या माणसाला मागे सरता येत नव्हतं.

“लुयांडो,” त्यांनी हाक मारली.

ती आतल्या दारातून आली. प्रवासाचा स्कार्फ बांधलेला, डोळे सुजलेले. ती रीतीप्रमाणे गुडघे टेकून, मान खाली घालून बसली.

“ही ताटली ओळखतेस?”

लुयांडोने ताटलीकडे पाहिलं. सुटून पुन्हा बांधलेल्या गाठीकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

फाटकाशी आजीच्या काठीचा खडीवर आवाज झाला. हामूंगांनी हात ताटलीकडे नेला, परत सरकवायला.

“ताटली मी कधी पाहिलेली नाही, बाबा,” लुयांडो म्हणाली. “ताटल्या सगळ्या सारख्याच असतात. पलीकडच्या थोकोलाही ही आपलीच वाटली. मला ताटली काय विचारता? माणूस विचारा ना.”

“नाव घ्यायचं नसतं,” हामूंगा हळूच म्हणाले.

“नाव घेतलं नाही म्हणूनच ही फिरत राहिली.” ती थांबली नाही. “मी घेते. मटेरोचा कासोन्डे. त्याने पाठवली असेल तर घ्या. दुसऱ्या कुणी पाठवली असेल तर मी आत्ता गाडीत बसते.”

असं कुणी करत नाही. मामांनी आयुष्यात हे ऐकलं नव्हतं, आणि ऐकल्यावर त्यांना वाटलं, हे आधी कुणी का केलं नाही? त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

छपराच्या टोकावरचं ऊन निघून गेलं होतं. हामूंगांनी ताटली उचलली. परत सरकवली नाही. ती मांडीवर घेऊन, दोन्ही हात तिच्यावर ठेवून, ते मुलीकडे बघत राहिले, जणू ही मुलगी त्यांच्या घरात आजच आली होती.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “नीट ऐकू आलं नाही.”

“कासोन्डे,” लुयांडो म्हणाली, या वेळी मान वर करून.